गरम पाण्याचं बिल: यंत्र बदलण्याआधी

पत्र

सप्रेम नमस्कार. आमचं घर दोन मजली, माणसं पाच. खाली कोपऱ्यातल्या खोलीत १५० लिटरची, ३ किलोवॉटची विजेवर चालणारी गरम पाण्याची टाकी आहे. तिला १२ वर्षं झाली. दिवसरात्र चालूच असते. सकाळी तिघांच्या अंघोळी होतात आणि तिसऱ्याला हमखास कोमट पाणी मिळतं. उरलेल्या दोघांच्या अंघोळी संध्याकाळी. वरच्या बाथरूममध्ये गरम पाणी यायला बराच वेळ लागतो. माझं म्हणणं, टाकी ४५ अंशांवर ठेवावी आणि लागेल तेव्हाच चालू करावी. दीर म्हणतात, बंद करून पुन्हा तापवायला उलट जास्त वीज लागते. प्लंबरने पाणी सतत फिरतं ठेवणारा पंप सुचवलाय. विक्रेता म्हणतो, टाकी काढा, मोठा हीट पंप बसवा, वीज एक तृतीयांशावर येईल. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना फुप्फुसांचा जुना आजार आहे. मी एक करून पाहिलं: शॉवरखाली १२ लिटरची बादली धरली, ती ४८ सेकंदांत भरली. अंघोळीला प्रत्येकाला साधारण ८ मिनिटं लागतात. टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं, तेही सांगून ठेवते. सुरुवात कुठून करू?

— एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चार माणसांची चार मतं आहेत, पण त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या बादलीचं आहे. १२ लिटर ४८ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. बाकीचं उत्तर बरंचसं त्यातूनच निघतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला १.१६ वॉट-तास उष्णता लागते. हा आकडा नवीन यंत्राला, जुन्या यंत्राला, महागाच्या आणि स्वस्तातल्या यंत्राला सारखाच. तुमच्या टाकीतली कॉइल पाण्यात बुडालेली आहे, त्यामुळे तिने ओढलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यातच उतरते. १२ वर्षांची कॉइल जुनी झाली म्हणून जास्त वीज खाते, हा समज चुकीचा आहे. वीज जाते ती उष्णतेबरोबर, आणि उष्णता तुमच्या घरात तीन वाटांनी जाते: अंगावरून मोरीत, टाकीच्या भिंतींतून खोलीत आणि पाइपांमधून भिंतींत. विक्रेता तुम्हाला उष्णता स्वस्तात कशी बनवायची ते सांगतोय. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण वाया किती जातंय हे त्याने विचारलेलंच नाही.

अंघोळीचा हिशेब असा. मिनिटाला १५ लिटर, ८ मिनिटं, म्हणजे माणशी १२० लिटर पाणी. ते साधारण ४० अंशांचं असतं. नळाचं पाणी २० अंशांचं धरू. तुमच्याकडे कमीजास्त असेल तर आकडा त्या प्रमाणात बदलेल. १२० लिटर २० अंशांनी तापवायचे म्हणजे २.८ युनिट. पाच जणांचे १४ युनिट, रोज. आता तिसऱ्याला कोमट पाणी का मिळतं ते पाहा. टाकीतलं १५० लिटर पाणी ६० अंशांचं असेल आणि त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं, तर ४० अंशांचं ३०० लिटर होतं. पहिले दोघं २४० लिटर वापरून बाहेर येतात. तिसऱ्यासाठी उरतात ६०, म्हणजे चार मिनिटांचं पाणी. मधल्या वेळात कॉइलने थोडी भर घातली तर आणखी मिनिट-दोन मिनिटं. टाकीत काही बिघाड नाही आणि ती लहानही नाही. शॉवर फार मोठा आहे.

म्हणून पहिलं काम शॉवरचं. मिनिटाला ६ ते ८ लिटर सोडणारे चांगले शॉवर मिळतात. ७ लिटरचा बसवला तर त्याच ८ मिनिटांच्या अंघोळीला ५६ लिटर लागतील, म्हणजे १.३ युनिट. पाच जणांचे मिळून साडेसहा. रोजचे साडेसात युनिट वाचले, टाकीला हातही न लावता, आणि सकाळी तिघंच काय, पाचही जण गरम पाण्याने अंघोळ करू शकतील. निवडताना दोन गोष्टी बघा. पाण्याची अगदी बारीक वाफेसारखी फवार उडवणारा शॉवर घेऊ नका. बारीक थेंब हवेत लवकर गार होतात, मग माणूस गरम पाण्याचा नळ आणखी सोडतो आणि वाचवलेलं तिथेच जातं. दुसरं, हव्यासापोटी ४ लिटरवर उतरू नका. केसांतला साबण निघाला नाही तर अंघोळ लांबते आणि घरातली माणसं आठवडाभरात जुना शॉवर परत लावायला सांगतात. नवा बसवल्यावर पुन्हा तुमची बादली धरा. खोक्यावर छापलेला आकडा एका ठरावीक दाबाचा असतो, तुमच्या घरातला दाब वेगळा असू शकतो.

हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे टाकी नसलेला, नळ सोडला की लगेच पेटणारा किंवा तापणारा हीटर आहे, त्यांनी शॉवर बदलण्याआधी त्या हीटरचा किमान प्रवाह किती ते माहितीपत्रकात पाहावं. प्रवाह त्याहून कमी झाला तर हीटर चालूच होत नाही.

आता टाकी. तिच्यातून रोज किती उष्णता नुसती उभ्या उभ्या निघून जाते, हे तुम्ही स्वतः मोजू शकता. मी अगदी आग्रहाने सांगेन की कोणतीही खरेदी करण्याआधी हे मोजाच. रात्री सगळ्यांचं काम आटोपलं की टाकी पूर्ण तापू द्या. टाकीवरचा दिवा विझला की मेन स्विच बंद करा. १२ तास गरम पाण्याचा एकही नळ सोडायचा नाही. सुट्टीच्या दिवशी हे जमतं. मग स्विच चालू करा आणि थर्मोस्टॅटने दिवा विझवेपर्यंत किती मिनिटं लागली ते लिहा. ३ किलोवॉटची कॉइल २० मिनिटं चालली तर १ युनिट खर्च झालं, म्हणजे १२ तासांत तेवढी उष्णता बाहेर गेली होती. दिवसाला सुमारे २ युनिट. स्विच चालू करूनही दिवा लागलाच नाही, तर समजा की टाकी फारशी निवलीच नाही आणि तिचं वेष्टन उत्तम आहे. तिच्यावर खर्च करण्याचं कारण नाही.

पुढच्या हिशेबासाठी तुमच्या टाकीचे दिवसाला २ युनिट धरतो. १२ वर्षं जुन्या टाकीसाठी हा काही अवास्तव आकडा नाही. तुमचा प्रत्यक्ष आकडा आला की तो इथे घाला.

तुमचा आणि दिरांचा वाद याच आकड्यावर सुटतो. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. टाकी बंद ठेवली की पाणी निवत जातं, फरक कमी होतो, उष्णतेची गळतीही कमी होते. पुन्हा तापवताना जेवढी उष्णता गेली तेवढीच भरायची असते, एक कणही जास्त नाही. म्हणजे बंद करून तापवायला जास्त वीज लागते हे दिरांचं म्हणणं चूक आहे. पण तुमची अपेक्षाही मोठी आहे. पूर्ण तापलेली टाकी ८ तास बंद ठेवली तर ती जेमतेम साडेतीन-चार अंशांनी उतरते आणि वाचतं काय, तर युनिटचा तिसावा भाग. रोज रात्री आठवणीने उठून स्विच बंद करण्याजोगं त्यात काही नाही.

मग बंद करण्याचा उपयोग कधी होतो? एक, बाहेरगावी गेल्यावर. चार दिवस चालू ठेवली तर ८ युनिट जातील. बंद ठेवली तर परत आल्यावर तापवायला पावणेपाच लागतील. दुसरी वेळ रोजची आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सकाळच्या अंघोळी संपल्या की टाकीत बहुतेक गारच पाणी भरलेलं असतं. त्या क्षणी टाकी चालू असेल तर ती ते सगळं पाणी लगेच ६० अंशांपर्यंत नेते आणि मग संध्याकाळपर्यंत ते गरम पाणी कुणाच्याही कामाला न येता खोलीला ऊब देत बसतं. म्हणून अंघोळी सुरू होण्याआधी टाकी तापलेली हवी, अंघोळीला लागताना स्विच बंद आणि पुन्हा चालू थेट संध्याकाळच्या अंघोळींच्या दीड-दोन तास आधी. याने तुमच्या टाकीत दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास वाचेल. टायमर बसवून टाका म्हणजे कुणाला आठवण ठेवावी लागणार नाही. टायमर ३ किलोवॉटचा भार झेलणारा हवा आणि तो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. तुमच्याकडे दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर बदलत असेल तर स्वस्त वेळ धरून तापवण्याचा फायदा याहून मोठा असू शकतो.

४५ अंशांच्या कल्पनेला मात्र मी ठाम नकार देतो, आणि कारण सासूबाई आहेत.

लीजनेला नावाचा जंतू साठवलेल्या कोमट पाण्यात वाढतो. साधारण २० ते ४५ अंश हा त्याचा सुखाचा पट्टा. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर अनेकांना गंभीर न्यूमोनिया झाला, काही दगावले. त्याचं कारण शोधताना पुढच्या वर्षी हा जंतू सापडला. तो पिण्यातून नाही, शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसांत जातो. वय झालेली आणि फुप्फुसांचा आजार असलेली माणसं त्याला सगळ्यात लवकर बळी पडतात. ६० अंशांवर तो मिनिटांत मरतो. म्हणून टाकीतलं पाणी ६० अंशांवर साठवावं आणि नळापर्यंत पोचताना ५० च्या खाली जाऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. टायमर लावलात तरी दिवसातून किमान एकदा टाकी तळापासून पूर्ण ६० अंशांपर्यंत तापली पाहिजे. दिवसा टाकी कोमट राहणार, तेव्हा संध्याकाळचं हे पूर्ण तापणं टाळायचं नाही. अंघोळी ते झाल्यावरच.

आणि सोडून काय देताय तेही बघा. तापमान ६० वरून ५० वर आणलं तर अंघोळीची वीज वाचत नाही, कारण अंगावर घ्यायचं पाणी ४० अंशांचंच असतं. फक्त गरम पाणी जास्त आणि गार पाणी कमी मिसळावं लागतं. वाचते ती टाकीची गळती, तुमच्या बाबतीत २ मधलं अर्धं युनिट. तेवढी बचत टाकीला जाकीट घालून मिळते, कुणाच्या प्रकृतीशी न खेळता.

६० अंशांचा दुसरा धोका भाजण्याचा. त्या तापमानाचं पाणी काही सेकंदांत त्वचा खोल भाजतं. ५० अंशांना तेवढंच व्हायला काही मिनिटं लागतात. म्हाताऱ्या माणसांची त्वचा पातळ असते आणि हात झटकन मागे घेता येत नाही. यावर उपाय आहे: थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह. तो टाकीच्या तोंडाशी किंवा बाथरूमच्या नळाआधी बसतो, गरम पाण्यात आपोआप गार पाणी मिसळतो आणि ठरवलेल्या तापमानाच्या वर पाणी जाऊ देत नाही. वरच्या बाथरूमपर्यंत तुमचा पाइप लांब आहे, त्यामुळे तो नळाजवळ बसवलेला बरा. म्हणजे पाइपातलं पाणीही गरमच राहील. सासूबाई वापरतात त्या बाथरूमपासून सुरुवात करा. या पत्रातल्या सगळ्या खर्चांमध्ये मला हा पहिला वाटतो, त्याने एक युनिट वाचत नसलं तरी.

जाकिटाचं काम एका दुपारचं. टाकीच्या अंगावर हात ठेवा. उबदार लागली तर उष्णतारोधक जाकीट घातल्याने गळती एक चतुर्थांश ते जवळपास निम्म्याने उतरते. गार लागली तर आत चांगला फोम आहे, जाकिटाने फारसं काही व्हायचं नाही. आधी मेन स्विच बंद करायचा. थर्मोस्टॅटचं झाकण, वायरींची जोडणी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांवर जाकीट येऊ द्यायचं नाही. ज्यांची टाकी गॅसवर चालते त्यांनी वरची बाजू, धुराचा पाइप आणि हवा आत येण्याची जागा पूर्ण मोकळी ठेवावी. टाकीतून निघणाऱ्या पहिल्या दोनेक मीटर पाइपालाही फोमचं वेष्टन घाला, गरम पाण्याच्या आणि आत येणाऱ्या गार पाण्याच्याही. टाकी तापलेली असताना हे दोन्ही पाइप तिची उष्णता हळूहळू बाहेर नेत असतात.

आता वरच्या बाथरूमची वाट पाहणं. आतून १५ मिलिमीटर रुंदीच्या पाइपात दर मीटरला सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावतं. बाथरूम १२ मीटरवर असेल तर २ लिटरहून थोडं जास्त. पाइप आतून २० मिलिमीटरचा असेल तर पावणेचार लिटर. नळ सोडल्यावर आधी हे निवलेलं पाणी बाहेर पडतं, आणि नळ बंद केल्यावर तेवढंच ६० अंशांचं पाणी पाइपात निवायला मागे उरतं. अरुंद पाइप धरला तरी दर वेळी एका युनिटाचा दहावा भाग. दिवसात दहा वेळा असं झालं तर पूर्ण एक युनिट, जे कुणाच्या अंगाला लागलेलंच नाही.

त्यात सगळ्यात वाया जाणारं हात धुण्याचं पाणी. एका दांड्याचा मिक्सर नळ असेल तर बहुतेक माणसं दांडा मधोमध ठेवून नळ उघडतात. दहा सेकंद हात धुवून होतात, गरम पाणी तोपर्यंत नळाशी पोचलेलंही नसतं, पण टाकीतून ते निघालेलं असतं आणि पाइपात निवतं. दांडा कायम गार बाजूला ठेवायची सवय घरात सगळ्यांना लावा. लहानांना एकदा कारण समजावून सांगितलं की तीच मोठ्यांना आठवण करून देतात. सकाळच्या तिन्ही अंघोळी एकामागून एक झाल्या तर पाइप एकदाच तापवावा लागतो. पाइप उघड्यावर आहेत तिथे फोम घाला. त्याने पाणी गार होणं थांबत नाही, लांबतं, आणि सलग अंघोळींना तेवढं पुरतं. भिंतीत गाडलेले पाइप फोडून वेष्टन घालायला मात्र जाऊ नका.

प्लंबरने सुचवलेला पंप त्याने सांगितला तसा बसवू नका. गरम पाणी २४ तास पाइपांतून फिरत राहिलं तर सगळा पाइप दिवसरात्र उष्णता सोडत राहतो, आणि वेष्टन नसलेल्या लांब पाइपातून जाणारी ही उष्णता टाकीच्या गळतीच्या कितीतरी पट होते. सोय होते, बिल चढतं. वाट पाहणं खरोखरच असह्य असेल तर बटण दाबल्यावर चालणारा आणि पाइप तापला की आपोआप थांबणारा पंप असतो, तो विचारा. त्याने पाण्याची बचत होते, विजेची नाही.

इथवरचं सगळं केलंत तर तुमच्या घरचा आकडा कसा बदलतो? आज अंघोळीचे १४, टाकीच्या गळतीचे २, पाइपांचं १, मिळून १७ युनिट रोजचे. शॉवर, जाकीट, टायमर आणि नळाच्या सवयीनंतर अंघोळीचे साडेसहा आणि बाकीचं मिळून दोनेक, म्हणजे साडेआठ. निम्म्यावर. स्वयंपाकघरातलं पाणी मी यात धरलेलं नाही, ते दोन्हीकडे सारखंच.

आणि आता विक्रेत्याचा हीट पंप. तो उष्णता बनवत नाही, आजूबाजूच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात आणून टाकतो, फ्रिजच्या उलट. म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. हवा जितकी गार आणि पाणी जितकं जास्त गरम हवं, तितकी ही पट कमी होते. एक तृतीयांश वीज हे विक्रेत्याचं म्हणणं सर्वसाधारणपणे बरोबर आहे. पण त्याने वसुलीचा हिशेब १७ युनिटांवर केलाय. १७ चे पावणेसहा होतात, रोज ११ हून जास्त वाचतात, आणि यंत्राची किंमत लवकर भरून निघाल्यासारखी दिसते. तुम्ही आधी वापर साडेआठवर आणलात तर त्याच यंत्राने साडेपाच-पावणेसहा वाचतील. वसुलीला दुप्पट काळ लागेल. तरीही तो फायद्याचा ठरू शकतो, विशेषतः वीज महाग असेल तर. पण तो 'मोठा' घ्यायची गरज उरत नाही, आणि लहान यंत्र म्हणजे कमी पैसे.

तुमच्या कोपऱ्यातल्या खोलीचा प्रश्नही आहे. हीट पंपाला हवा लागते. बंद, लहान खोलीत तो खोलीच गार करत जातो आणि मग त्याच गार हवेतून उष्णता ओढायला त्याला जास्त वीज लागते. त्यातून पाणी ठिबकतं, त्याला निचरा लागतो. पंख्याचा आणि कॉम्प्रेसरचा आवाज असतो, त्यामुळे भिंतीपलीकडे कुणी झोपत असेल तर विचार करा. तो पाणी हळू तापवतो, आणि घाई झाली की त्यातली साधी कॉइल चालू होते. कॉइल वारंवार चालू लागली की तिप्पट फायदा संपला. विक्रेत्याला तीनच गोष्टी विचारा: या खोलीत तो चालेल का, गार हवेच्या दिवसांत त्याची पट किती राहते, आणि ६० अंशांपर्यंत तो कॉइल न वापरता तापवतो का. उत्तरं लेखी मागा.

छतावर दिवसभर ऊन येत असेल तर सौर बंबाचाही भाव काढून ठेवा. एवढंच लक्षात ठेवा की त्याला जोडलेली विजेची कॉइल पहाटे चालवायची नाही. पहाटे पाणी तापवून ठेवलं तर दिवसभर उन्हाला तापवायला काही उरत नाही. दुपार टळल्यावर पाणी किती तापलंय ते पाहायचं आणि कमी पडेल तेवढंच विजेवर तापवायचं.

माझा सल्ला असा की निर्णय आत्ता घ्या, खरेदी नंतर करा. १२ वर्षांची टाकी आणखी काही वर्षं चालेल किंवा पुढच्या महिन्यात गळेल. ती गळते त्या दिवशी घरात गरम पाणी नसतं, माणसं चिडलेली असतात आणि दुकानात जे समोर असेल ते घेतलं जातं. एक महिना नव्या शॉवरवर आणि टायमरवर काढा, खरा वापर लिहा आणि त्या आकड्यावरून कोणतं यंत्र, किती लिटरचं, ते कागदावर ठरवून ठेवा. टाकी गळेल तेव्हा फोन करायचा तेवढा राहील.

आता ठिबकणारा व्हॉल्व्ह. पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत तापताना दीड टक्का फुगतं. १५० लिटरचं दोन लिटरहून जास्त. तुमच्या जोडणीत त्या वाढलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसेल तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर येणार. त्यासाठीच तो आहे. म्हणून टाकी तापत असताना थोडं ठिबकलं तर काळजी नको. टाकी बंद असतानाही ठिबकत असेल तर एकतर घरातल्या पाण्याचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हचं आतलं आसन झिजलंय, आणि मग दिवसभर तापवलेलं पाणी नुसतं वाहतंय. व्हॉल्व्हखाली भांडं ठेवून बंद टाकीत तासभर पाहा म्हणजे कळेल. कुणीही काहीही सांगितलं तरी त्या व्हॉल्व्हचं तोंड बंद करू नका, त्यावर बूच लावू नका. थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी शेवटची गोष्ट तीच आहे.

त्यासाठी प्लंबर येईल तेव्हा त्याच फेरीत दोन कामं करून घ्या. टाकीतल्या मॅग्नेशियमच्या कांडीला अॅनोड म्हणतात; ती टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः गंजते. ती काढून पाहायला सांगा, झिजून तार उरली असेल तर बदला. १२ वर्षांत कुणी पाहिली नसेल तर बहुधा तेवढीच उरली असेल. आणि तळाचं पाणी सोडून गाळ काढायला सांगा. पाणी जड असेल तर तापल्यावर त्यातले क्षार सुटून तळाशी आणि कॉइलवर बसतात. तापताना टाकीतून कडकड आवाज येतो तो त्याचाच. विजेच्या टाकीत या थराने वीज फारशी वाया जात नाही, कारण उष्णता शेवटी पाण्यातच जाते, पण कॉइल आतल्या आत जास्त तापून जळते. गॅसवर किंवा हीट पंपावर मात्र हाच थर थेट बिलात दिसतो, तेव्हा पुढे यंत्र बदललंत तर ही सफाई दरवर्षी करा. कांडी काढल्यावर बाहेर येणारं पाणी तांबूस असेल तर टाकी आतून गंजायला लागली आहे. मग जाकिटावर खर्च करू नका. यंत्राची निवड महिनाभर न थांबवता त्याच आठवड्यात करा.